सुनेचं ऐकायचा उपास

आमच्या घरात त्याग मनातल्या मनात करून चालत नाही, तो जाहीर करावा लागतो. राखेच्या बुधवारी आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर डुकराच्या मटणाचं इंदयाल आणि मैद्याचे तळलेले फुगे असतात. पोटं टम्म भरली की डॅडी ग्लासवर चमचा वाजवतात आणि मग प्रत्येकानं दोन गोष्टी सांगायच्या. यंदा काय सोडणार, आणि तो त्याग कुणासाठी अर्पण करणार.

न्यायाधीश अर्थातच डॅडी. माझ्या मुलीनं एका वर्षी मोठ्या गंभीर चेहऱ्यानं दुधी सोडते म्हणून सांगितलं, तर "जे तुला आवडतच नाही ते सोडून देवाला फसवतेस का गं?" म्हणून तिचा अर्ज तिथल्या तिथे फेटाळला गेला. मी दरवर्षी बिअर सोडतो. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की मी बिअर सोडत नाही, फक्त ईस्टरपर्यंत फ्रिजमध्ये ठेवतो. आई होती तेव्हा तिनं एकदा चहा सोडला होता. आठवड्याच्या आत भांडी आपटायला लागली, शेजारणीशी बोलणं बंद झालं, आणि आम्ही सगळे घरात चवड्यांवर चालायला लागलो. शेवटी डॅडींनीच तिच्यापुढे कप ठेवला आणि म्हणाले, "पी बाई. उपास तुझा आणि क्रूस आम्ही वाहतोय."

आम्ही अंधेरीच्या एका जुन्या गावठाणातले मराठी कॅथलिक. आजोबांची भातशेती जिथे होती तिथे आता काचेची ऑफिसं उभी आहेत आणि दुपारी त्यांच्या काचांवरून परतलेलं ऊन आमच्या ओट्यावर पडतं. त्याबद्दल मला हळहळ वगैरे वाटत नाही. कपडे लवकर वाळतात. गावठाणाच्या मधोमध दगडी क्रूस आहे, गल्ल्या इतक्या अरुंद की कोणाकडे काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं. उपासकाळात तर कोणाकडे काय शिजत नाही तेही कळतं.

डॅडींचा त्याग ठरलेला असायचा. सकाळी काळा चहा, दिवसभर पाणी, आणि संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर एकदाच जेवण. कारखान्यात फिटर होते, पाळी कोणतीही असो, चाळीस दिवस त्यांनी हे तरुणपणापासून पाळलं. आई गेल्यापासून हा उपास ते तिच्यासाठी अर्पण करतात. आमच्यात मानतात की मागे राहिलेल्यांच्या प्रार्थना आणि उपास गेलेल्याच्या आत्म्याला पुढच्या वाटेवर मदत करतात. डॅडींच्या बोलण्यात तर ही मदत अगदी रोजच्या व्यवहारातली वाटायची, आईचा डबा पोचवायचा राहिला आहे तशी.

गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. त्याआधीच्या थंडीत डॅडींची साखर वाढली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. मंगळवारच्या जेवणात मी म्हटलं, "डॅडी, यंदा दुसरं काहीतरी सोडा." त्यांनी नेहमीसारखं "अन्न, आणि ते आईसाठी" असं जाहीर केलं आणि बडीशेप तोंडात टाकली. बुधवारी सकाळी उठून त्यांनी इंजेक्शन घेतलं, कारण तो डॉक्टरांना दिलेला शब्द होता. नंतर काही खाल्लं नाही, कारण तो देवाला दिलेला. दोन्ही शब्द पाळून ते कपाळाला राख लावून घ्यायला चर्चमध्ये गेले.

परतताना दगडी क्रुसाच्या पायरीवर बसलेले सापडले. शर्ट घामानं भिजलेला, हात थरथरत होते, आणि मी जवळ गेलो तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कोण?" जन्मात त्यांनी मला तुम्ही म्हटलेलं नाही. माझी बायको मागून धावत आली, तिनं मुठीतली साखर त्यांच्या गालात भरली, पाठीवर हात फिरवत बसली. थोड्या वेळानं ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे, असा भुतासारखा काय उभा?" तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडलो.

डॉक्टरांनी झाप झाप झापलं. इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलात तर पुढच्या वेळी पायरीवरून उठणार नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं. डॅडींनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. दोन्ही एकत्र नाही चालणार. मी इंजेक्शन सोडतो."

मी रागीट माणूस आहे. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं इतका मी ओरडलो. त्याचा परिणाम शून्य. डॅडी बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसले. मग मी सरळ आमच्या फादरकडे गेलो. हे फादर तरुण, वसईकडचे, स्कूटरवरून फिरणारे. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही त्यांना ऑर्डर द्या. फादर हसून म्हणाले, "तुमच्या डॅडींना ऑर्डर? मला अजून इथे काही वर्षं काढायची आहेत."

पण संध्याकाळी आले. बायकोनं चहा ठेवला. ती भांडुपची, मालवणी, हिंदू घरातली. लग्न झालं तेव्हा आपला छोटा देव्हारा घेऊन आली आणि आमच्या अल्ताराच्या, म्हणजे घरातल्या वेदीच्या, शेजारच्या फळीवर तो अजून आहे. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती आणि तिचे कान बाहेर होते.

"अंकल, साठीनंतर चर्च कोणाकडे उपास मागत नाही," फादरनी सुरुवात केली.

"मागत नाही म्हणजे नको म्हणतं असं नाही ना?" डॅडी म्हणाले. "फादर, प्रभूनं आपला जीव दिला. मी दुपारचा भात देऊ शकत नाही? आणि माझी बायको तिकडे एकटी आहे."

हे इतकं साधं होतं की मला त्यावर ओरडता येईना. फादर बराच वेळ चहात बिस्किट बुडवत बसले. मग म्हणाले, "खरं सांगा अंकल, उपासात दुपारी भूक लागते का तुम्हाला?"

डॅडींनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "पूर्वी लागायची. आता नाही लागत."

"मग तुमचा तो भात म्हणजे तुमच्या नातीचा दुधी झाला." ही गोष्ट फादरना कोणी सांगितली होती देव जाणे. गावठाणात काही लपत नाही. डॅडी चपापले. न्यायाधीशावर त्याचाच निकाल उलटला होता.

"मग काय सोडू?"

"स्वतःचं म्हणणं सोडा. प्रभूनं क्रूस खांद्यावर घेतला तो नंतर. आदल्या रात्री बागेत घाम गाळत विनवणी करत होता, हे माझ्यावरून टळू दे म्हणून. आणि शेवटी म्हणाला, स्वर्गातल्या बापाला हवं तसं होऊ दे. तिथे त्यानं आधी स्वतःला दिलं, जीव तर दुसऱ्या दिवशी गेला. तुम्ही ईस्टरपर्यंत खाण्यापिण्यात आणि औषधात सून सांगेल ते ऐकायचं. निमूट. वाद नाही."

"मुलाचं ऐकलं तर नाही चालणार?"

"तो तुम्हाला घाबरतो. त्याचं ऐकण्यात काय त्याग?"

मी खुर्चीत जरा सरकून बसलो. डॅडींनी नखं बघितली, छताकडे बघितलं. "आणि हे माझ्या बायकोच्या नावे लागेल?"

"लागेल. भातापेक्षा जड आहे हे."

तेवढ्यात बायको ओल्या हातांनी बाहेर आली. "मला विचारलंत का कुणी?"

कोणी विचारलं नव्हतं, पण ठरलं ते ठरलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक अजब राज्य सुरू झालं. सकाळी इंजेक्शन, मग नाचणीची भाकरी, मधे ताक, दुपारी दोन चपात्या आणि भाजी. ती जे सांगेल ते डॅडी करत, पण असा चेहरा करून की चर्चमधल्या संतांच्या मूर्ती त्यांच्यापुढे हसऱ्या वाटाव्यात. ताक पिऊन झालं की ग्लास खाली ठेवून विचारायचे, "आणखी काय हुकूम?" मला सुरुवातीला मजा वाटली. सत्तर वर्षं ज्या माणसानं कोणाचं ऐकलं नाही, तो सुनेनं सांगितलं म्हणून दुधीची भाजी संपवतोय हे बघणं माझ्यासारख्याला मेजवानीच होती. मुलगीही दुपारी कॉलेजातून फोन करून विचारायची, आजोबांनी आज काय काय खाल्लं.

बायको मात्र वैतागली. मला म्हणाली, "पूर्वी मी सांगायचे, ते भांडायचे, मग थोडं ऐकायचे. बरं चाललं होतं. आता तोंडातून शब्द काढायचा म्हणजे भीती वाटते. चुकून काही बोलले तर हे तेही करून मोकळे होतील."

आणि तसंच झालं. उपासकाळातल्या शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, बायकोची यात कधी चूक झाली नव्हती. पण तिच्या माहेरी सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात आणि बुधवार, शुक्रवार, रविवार म्हणजे हक्काचे मासे-मटणाचे दिवस. त्या शुक्रवारी ती सकाळी भांडुपला आईला बघायला गेली होती. आईनं व्याह्यांसाठी कोंबडीचं सूप डब्यात भरून दिलं, म्हाताऱ्या माणसाला ताकद येईल म्हणून. माहेरच्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजतेय म्हणजे तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. ती घरी आली, सूप गरम केलं, वाटी डॅडींपुढे ठेवली आणि म्हणाली, "हे सगळं संपवा."

डॅडींनी वाटीकडे बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. छातीवर क्रुसाची खूण केली आणि सूप संपवलं. वाटीच्या तळाशी राहिलेला मांसाचा तुकडासुद्धा.

मी संध्याकाळी गोरेगावच्या ऑफिसातून आलो तेव्हा बायको चपला घालत होती. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती असते, त्या भक्तीला तीही आमच्याबरोबर येते. एक चप्पल घातली आणि दुसरी हातात तशीच राहिली. "आज शुक्रवार आहे," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

"डॅडी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस संपवा."

"पण मी विसरले होते! माका खंय लक्षात ऱ्हवता सगळा!" रागावली की ती मालवणीत जाते. "तुम्हाला तर माहीत होतं ना?"

"माहीत होतं की. पण तू बरोबर सांगशील तेवढंच ऐकायचं, असं फादर बोलला नव्हता." मग जरा वेळानं, "सूप झकास होतं. तुझ्या आईला सांग."

मला हसू आवरेना. बायको मात्र रडायला लागली, आणि तेव्हा डॅडी तिच्याजवळ येऊन बसले. "रडू नको गं पोरी. तुला एक सांगतो. कळायला लागल्यापासून माझा पहिला शुक्रवार मोडला. पहिला घोट गिळताना जेवढं जड गेलं ना, तेवढं उपाशी राहून कधीच गेलं नाही. फादर बरोबर बोलला. उपास मला येत होता. हे येत नव्हतं."

पुढच्या रविवारी फादरना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, देवाला याचा निवाडा करायला थोडा वेळ लागेल, तोवर आपण चिंता करायची नाही. बायकोच्या मनातून मात्र ते गेलं नाही. त्यानंतर तिनं हुकूम देणं जवळजवळ बंद केलं. ताट वाढून ठेवायची आणि नुसती समोर थांबायची. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या एका शब्दासाठी आयुष्यभराची गोष्ट मोडली, हे तिला पेलत नव्हतं, आणि तिचं ते अवघडलेपण बघून मला ती फार आवडली.

असं करत गुड फ्रायडे आला. त्या दिवशी आमचं गावठाण गप्प असतं. चर्चची घंटा वाजत नाही, कोणाचा मिक्सर लागत नाही, मोठी माणसं दुपारची भक्ती होईपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. मी आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी होतो. इतर दिवशी माझं काही खरं नसतं, पण हा एक उपास मी कॉलेजपासून कधी मोडला नव्हता आणि त्याचा मला गर्व होता. बायकोही लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्या दिवशी उपास करते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. घर उपाशी असताना मी काय एकटी गिळू, एवढंच ती म्हणाली होती.

डॅडींनी सकाळी इंजेक्शन घेतलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून, चोरी केल्यासारखी, नाचणीची भाकरी खाल्ली. दुपारी बायकोनं पेज केली. ताटलीत पेज, बाजूला आंब्याचं लोणचं. डॅडी येऊन बसले. चमचा हातात घेतला आणि तसेच बसून राहिले.

"आजचा दिवस सोड मला, पोरी," ते म्हणाले. "बाकी सगळे दिवस ऐकलं ना? आज तो मेला. सगळं गाव उपाशी आहे. अशा दिवशी मी एकटा बसून जेवू? माझी बायको काय म्हणेल?"

मी दारात उभा होतो. बायकोनं नुसतं 'जेवा' म्हटलं असतं तर ते जेवले असते. शब्द दिला होता त्यांनी. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, बोल, सांग, हुकूम कर. ती काही बोलेना. डॅडींच्या कपाळावर बारीक घाम दिसायला लागला होता आणि मला क्रुसाची पायरी आठवली. उपाशी पोटी माझा राग आणखी चढतो. मी ओरडणार तेवढ्यात ती उठली.

तिनं फडताळातून दुसरी ताटली काढली. पातेल्यातली पेज आपल्याला वाढून घेतली, लोणच्याची फोड घेतली आणि डॅडींच्या समोर बसली.

"एकटे नका जेवू," ती म्हणाली. "मी आहे."

"तुझा उपास?"

"मोडला," असं म्हणून तिनं पहिला घास घेतला.

डॅडी तिच्याकडे बघत राहिले. उपास मोडणं म्हणजे काय हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? जे चुकून त्यांच्या वाट्याला आलं होतं, ते ती समजून उमजून करत होती, आणि करताना तिच्या चेहऱ्यावर संतबिंत काही नव्हतं. लोणचं आंबट होतं म्हणून तिनं एक डोळा बारीक केला, इतकंच. मी मात्र दारात माझा अख्खा, न मोडलेला उपास घेऊन उभा होतो, आणि त्याचा त्या क्षणी कोणाला काडीचा उपयोग नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा हेवाही.

डॅडींनी चमचा ठेवला, हात जोडले, डोळे मिटले.

"प्रभू," ते म्हणाले, "हा माझा घास आणि हिचा मोडलेला उपास, दोन्ही माझ्या बायकोच्या नावे घे. तिला सांग, पोराला बायको चांगली मिळाली." मग डोळे न उघडताच पुढे म्हणाले, "आणि तो दारात उभा आहे, त्यालाही बसायची बुद्धी दे."

मी खुर्ची ओढून बसलो. बायकोनं काही न विचारता माझ्यापुढे ताटली ठेवली आणि पेज वाढली. डॅडींनी माझ्या ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी चमचा तोंडात घालेपर्यंत ते थांबले, आणि मग जेवायला लागले.